कशेळीची भरती

“गोदू, पोरीला दर्या दाखवशील तो भरलेला दाखव. आधी नारल, मंग नजर. ओसरतं पानी तिच्या डोल्यांना न्हाय दिसलं पायजे. ध्यानात ठेव गो.”

आईचा हा आवाज गोदूआत्याला त्या शुक्रवारी सकाळी अंघोळ करताना पुन्हा ऐकू आला, आणि तिने हातातला तांब्या खाली ठेवला. एरवी भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत माणसाला स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नसे. खाली लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट, शेजारी लूमची खटखट, समोरच्या पत्र्याखालीही तीच. पण शुक्रवारी कारखाने बंद. त्या दिवशी भिंती गप्प होत, आणि गेलेल्या माणसांनाही बोलायला जागा मिळे.

रुचिका जन्मली तेव्हा एवढीशी होती, की तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं. डॉक्टर काही ठाम बोलेनात. तेव्हा तिची पणजी, म्हणजे गोदूआत्याची आई बायजाबाई, भिवंडीजवळच्या कशेळीच्या धक्क्यावरून भरल्या खाडीत गुडघाभर उतरली आणि पाण्याला सांगून आली, की पोर जगली तर तिला मोठ्या दर्यावर आणू, तुझी ओटी भरू, आणि तू भरलेला असशील तेव्हाच तिला तुझं तोंड दाखवू. पोर जगली. नवस फेडायच्या आधी बायजाबाईच गेली, आणि जाताना तो लेकीच्या पदरात टाकून गेली.

समुद्र तसा लांब नव्हता. पण घर कारखान्याच्या सुट्टीच्या वाराला बांधलेलं. गोदूआत्याचा भाचा विपुल, रुचिकाचा बाप, इक्बालशेठच्या कारखान्यात लूमचा मिस्त्री. त्याची सुट्टी शुक्रवारी, रुचिकाच्या शाळेची रविवारी. मधे करोनाची वर्षं गेली. सुट्ट्या जुळल्या तर पौर्णिमा जुळेना, पौर्णिमा जुळली तर कुणाला तरी ताप. अशा तऱ्हेने रुचिकाच्या साऱ्या सहली गणेशपुरीच्या गरम कुंडांपर्यंत जाऊन परत आल्या होत्या. गेल्या वर्षी शाळेची सहल मुंबईला चौपाटीवर निघाली, तेव्हा आत्याने पोरीच्या कपाळाला हात लावून “अंग कोमट लागतंय” म्हटलं आणि तिला घरी ठेवलं. अंग कोमट नव्हतं. हे मेघालीला, म्हणजे विपुलच्या बायकोला, तेव्हाच कळलं होतं. ती काही बोलली नव्हती, पण त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं विसरली होती.

या वर्षी मात्र सगळं एका दिवशी आलं. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तीही शुक्रवारी, आणि वर वैशाखी पौर्णिमा.

“आत्या, आवरलं का? इक्बालभाईंनी गाडी काढली,” बाहेरून विपुल ओरडला.

“आले. ओटीचं बांधते.”

नारळ, खण, हळदकुंकू, मूठभर तांदूळ, आणि तिच्या शुक्रवारच्या उपवासाचे गूळ-चणे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा. शुक्रवारी आत्याला आंबट चालत नसे. ताकाला स्पर्शसुद्धा नाही. घरातल्या इतरांवर तिची सक्ती नव्हती, पण रुचिका लहानपणापासून आत्याच्या ताटात जेवलेली, म्हणून शुक्रवारी तीही चिंच खात नसे, आणि बाकीच्या सहा दिवसांत ती कसर भरून काढी.

खाली इक्बालशेठची इको गाडी उभी होती. मागे त्याची बायको कुबरा डबे सांभाळत बसली होती आणि तिचा मुलगा इमाद, रुचिकाच्याच वयाचा, पुढची सीट मिळावी म्हणून रडण्याच्या बेतात होता. विपुलने मोबाईलवर दिवसाचा बेत काढून ठेवला होता.

“ऐका सगळे. पहिलं मत्स्यालय. मग म्हातारीचा बूट. मग चौपाटी. मग गेट वेला जाऊन बोट.”

“चौपाटी दोनला,” गोदूआत्या म्हणाली.

“जेव्हा पोचू तेव्हा, आत्या.”

“न्हाय रे. आज पूनव हाय. पुनवेला पानी दोनच्या सुमाराला भरतं. जन्म गेला माझा कशेळीत, मला न्हाय ठाऊक? दोनच्या आधी न्हाय, दोनच्या नंतर फार न्हाय.”

“आत्याचं घड्याळ वर टांगलेलं आहे,” मेघाली म्हणाली. “बॅटरी लागत नाही.”

इक्बालने आरशातून पाहिलं. “अरे, बरंच आहे की. मला जुम्मा पढायचाय. तुम्ही बागेत बसा, मी नमाज पढून येतो, मग सगळे चौपाटीला. आत्याचा नारळ पण होईल, माझा जुम्मा पण होईल. सेट आहे.”

सेट झालं. आत्याला इतकं बरं वाटलं, की तिने इमादच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

कशेळीला नेहमीप्रमाणे गाड्यांचा जाम होता. गोदामांत शिरणारे कंटेनर आडवे, त्यांच्या मागे ट्रक, त्यांच्या मागे सगळी भिवंडी सुट्टीला निघालेली. गाडी पुलावर मुंगीसारखी सरकत होती. आत्याने खिडकीतून खाली पाहिलं. खाडी तळाला गेली होती. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा, त्यात एक होडी कुशीवर झोपलेली. सकाळचे आठ वाजत होते.

“बघा,” ती म्हणाली. “आता पार सुकती हाय. म्हंजे दोनला भरती. मी सांगत होते का न्हाय?”

कुणी वाद घातला नाही. हिशेब डोळ्यांसमोर चिखलात पडला होता.

ठाणं मागे पडलं आणि पुढे उंच रस्ता लागला, तशी आत्याने आपल्या जुन्या ओढणीची घडी केली आणि रुचिकाच्या डोळ्यांवर बांधली. तिथून डावीकडे पाणी दिसतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते खाडीचं की दर्याचं, हे तिला माहीत नव्हतं, आणि कुठे एक संपून दुसरा सुरू होतो हे कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. बांधलेलं बरं.

“आंधळी कोशिंबीर! आंधळी कोशिंबीर!” इमादने टाळ्या पिटल्या. “तेरे को कुछ नहीं दिखता. वो देख, हत्ती!”

“मला पाहायचंच नाहीये,” रुचिका ओढणीखालून म्हणाली. “माझी आणि दर्याची नीट ओळख करून देणार आहेत. तुझी कुणी करून दिली का?”

इमाद विचारात पडला. “अम्मी, मेरी किसने कराई?”

“तुला तुझ्या अब्बांनी चड्डीवर पाण्यात फेकलं होतं,” कुबरा म्हणाली. “तीच ओळख.”

मेघाली खिडकीबाहेर पाहत होती. “आत्या, एवढ्या उन्हात डोळे बांधलेत. घाम येईल तिला.”

“थोडाच वेळ.”

थोडा वेळ पुष्कळ लांबला. रस्ते माणसांनी भरले होते. ते मत्स्यालयापाशी पोचले तेव्हा बारा वाजत आले होते आणि मत्स्यालयाला पत्रे ठोकलेले होते. आत मोडतोड, बाहेर एक पहारेकरी खुर्ची टाकून पेंगत. विपुलने मोबाईल त्याच्यासमोर धरला.

“यात तर चालू दाखवतंय.”

“त्यात जा मग,” पहारेकरी डोळे न उघडता म्हणाला.

सगळे हसले. रुचिकाही हसली, न पाहता. आणि त्या हसण्यात गोदूआत्याने मान वळवली, आणि रस्त्यापलीकडे तिला दर्या दिसला.

तिनेही तो आयुष्यात दोनदाच पाहिला होता. पाणी कठड्याखालच्या दगडांना पार बुडवून वर येत होतं. एक लाट फुटली आणि तिचे शिंतोडे रस्त्यावर उभ्या माणसांच्या अंगावर आले. बायका किंचाळल्या, पोरं नाचली. कुठेही वाळू नाही, चिखल नाही. जिकडेतिकडे पाणी, काठोकाठ, घागरीच्या गळ्याशी आल्यासारखं. आत्याचा हात नकळत पिशवीतल्या नारळावर गेला.

आणि तिथेच थांबला. अजून बाराच तर वाजले होते.

“बाई गं,” ती पुटपुटली, “आत्ताच एवढा. दोनला काय व्हईल!”

तिने रुचिकाच्या डोळ्यांवरची ओढणी चाचपली, गाठ घट्ट केली, आणि पोरीला गाडीत बसवलं. शिंतोडा अंगावर येऊ नये म्हणून खिडकीची काचही वर घेतली.

टेकडीवरच्या बागेत झाडं होती, सावली होती आणि माणसांचा पूर होता. इक्बाल त्यांना सोडून नमाजला गेला. म्हातारीचा दगडी बूट पाहून इमाद धावत सुटला. बुटात जायला पोरांची रांग होती आणि मोठ्यांना आत सोडत नव्हते. तिथे नवाच घोटाळा झाला. ओढणी बांधून पोरगी जिना कशी चढणार? आणि ओढणी काढली तर वरच्या खिडकीतून खाली सगळी चौपाटी दिसते, असं कुबराने सांगितलं. ती लग्नानंतर इथे येऊन गेली होती.

“राहू दे बूट,” आत्या म्हणाली.

“का राहू दे?” मेघालीचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मत्स्यालय बंद. डोळे बंद. आता बूटही बंद? मग भिवंडीत काय वाईट होतं? तिथेही काही दिसत नाही.”

रुचिकाने दोघींच्या मधे हात घातला. “मी डोळे मिटून जाईन ना. जिन्यावर उघडीन, खिडकी आली की मिटीन. आजी, मी सांगते तुला, नाही बघणार.”

ती गोदूआत्याला आजीच म्हणत असे. आत्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मोठ्या माणसाचं वचन असतं तर तिने दोन प्रश्न विचारले असते.

“जा,” ती म्हणाली.

बुटाच्या खिडकीत थोड्या वेळाने इमादचं डोकं दिसलं. “रुचिका! वो देख समंदर! अरे देख ना, कितना बडा! जहाज पण आहे!” त्याच्या शेजारी रुचिकाचं तोंड आलं. दोन्ही तळहात डोळ्यांवर, कोपरं दोन्हीकडे शिंगांसारखी बाहेर काढलेली. मागच्या पोरांना वाटलं ही रडते आहे. खाली उभ्या मेघालीने तोंड फिरवलं. गोदूआत्याने फिरवलं नाही. ती पाहत राहिली, आणि तिला एकदम कुठल्याशा भीतीने घेरलं. आपण हे बरोबर करतोय ना?

इक्बालला यायला उशीर झाला. गर्दीत गाडी काढता काढता दोन वाजून गेले. आत्याचं तीनदा विचारून झालं, “किती वाजले?” तिने चौथ्यांदा विचारायच्या आधीच इक्बालने सांगितलं, “आत्या, तुमचा दर्या कुठे पळून जात नाही.”

चौपाटीवर उतरल्यावर ती चपला हातात घेऊन वाळूतून जवळजवळ धावतच निघाली. मागे मेघालीने रुचिकाला हाताला धरून आणलं, ओढणी पुन्हा बांधलेली. वाळू तापली होती. थोडं पुढे गेल्यावर ती ओली लागली. आणखी पुढे गेल्यावर फारच ओली, चमचमणारी, आणि तिच्यात पोरांनी बांधलेले किल्ले, फुलांच्या माळा, एक फुटका फुगा. पाणी अजून पुढे होतं.

आत्या थांबली. ओल्या वाळूवर पाण्याची रेघ असते, लाट शेवटी जिथे येऊन गेली तिथली. ती रेघ तिच्या मागे राहिली होती. चांगलीच मागे.

“इथंच थांबव गो तिला,” ती मेघालीला म्हणाली. “पाठ करून बसव.”

“आता काय झालं?”

“बघते मी.”

खाडीकाठच्या बायका पाणी ओळखायला एकच करतात, काठी रोवतात. तिने वाळूत पडलेली फुगेवाल्याची बांबूची काडी उचलली, अगदी पाण्याच्या ओठावर नेऊन रोवली आणि बाजूला उकिडवी बसली. एक लाट आली, काडीला भिजवून गेली. दुसरी आली, काडीपर्यंत पोचली. तिसरी काडीपर्यंत न येताच मुडपली. मग पुढच्या कितीतरी लाटांपैकी एकही काडीला शिवली नाही. काडीच्या बुडाशी वाळू आधी राखाडी झाली आणि मग खेकड्याचं एक इवलं पिल्लू तिथे येऊन निवांत बसलं.

गोदूआत्याने काडी उपटली, पुन्हा पाण्याच्या ओठावर रोवली. पुन्हा तेच.

तिला काही कळेना. ऊन डोक्यावर, पौर्णिमा, दोन वाजून गेलेले. सकाळी आठला खाडीत चिखल आपण या डोळ्यांनी पाहिला. आणि हा माघारी का चाललाय? तिने पिशवीतलं सगळं आठवून पाहिलं. आंबटाला हात लागला का? डब्यात कुबराने लोणचं आणलं होतं, तो डबा आपण उचलून दिला होता. बंद होता, पण उचलला होता. की गेल्या वर्षी पोरीच्या कपाळाला खोटा हात लावला, ते याच्या लक्षात राहिलं? की आठ वर्षं वाट पाहून हाच कंटाळला?

तिने पदराने तोंड पुसलं आणि विपुलला म्हणाली, “केसरीनाथाला फोन लाव.”

केसरीनाथ म्हणजे तिचा भाऊ, विपुलचा बाप. तो कशेळीतच राहायचा, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. विपुलने फोन लावून तिच्या कानाला धरला.

“दादा, खाडीला पानी कसं हाय?”

“पानी? कशाला गो? तू मुंबयला ना?”

“सांग तू.”

“थांब, भायेर जातू.” चपला फरपटल्याचा आवाज आला. “भरलंय. वरच्या पायरीला लागलंय. लडकूची होडी डुलते मस्त. पूनव ना आज.”

“चढतंय का उतरतंय?”

“चढतंय अजून थोरं. का गो? नारल झाला ना?”

तिने फोन विपुलच्या हातात दिला. घरी पाणी वरच्या पायरीला, आणि इथे, जिथून सगळं पाणी येतं त्या दर्यात, ते पळतंय. हे कसं? दर्या एकच की दोन?

“काय म्हणाले बाबा?” विपुलने विचारलं.

“तिकडं भरतंय.”

“आणि इकडे?”

तिने काडीकडे बोट दाखवलं. खेकडा अजून बसला होता.

मेघाली जवळ आली. तिने काडी पाहिली, पाणी पाहिलं आणि मग जे तिच्या मनात बारा वाजल्यापासून होतं ते बाहेर आलं. “आत्या, मत्स्यालयापाशी तो काठोकाठ होता. शिंतोडे अंगावर आले माझ्या. तेव्हा तुम्ही तिच्या डोळ्यांवरची गाठ घट्ट केलीत.”

गोदूआत्याने पिशवीतला नारळ चाचपला.

“आता पुरे झालं,” विपुल म्हणाला. “पाणी ते पाणी. पोरगी समुद्रावर येऊन रस्त्याकडे तोंड करून बसलीये. लोक बघतायत. रुचिका, काढ ती ओढणी.”

रुचिका खरंच रस्त्याकडे तोंड करून बसली होती. कुबराने तिला सुकी भेळ आणून दिली होती, लिंबू-चिंच न घालता, आणि ती एकेक कुरमुरा वेचून खात होती. इमाद पाण्यात कमरेपर्यंत जाऊन, ओला होऊन, परत येऊन तिला सगळं सांगत होता. पाणी गरम आहे. पाणी खारट आहे, मी प्यायलो. पायाखालची वाळू सरकते, गुदगुल्या होतात. रुचिका मान हलवत होती.

विपुलने तिच्या ओढणीला हात लावला तशी ती दोन्ही हातांनी डोळे दाबून बसली. “नाही! पप्पा, नाही! भरला का? आजी, भरला का?”

आत्या तिच्यासमोर वाळूत बसली. मागे दर्या, पुढे पोर. मधे ती. आईचा आवाज ऐकू यावा म्हणून तिने कान दिला, पण चौपाटीवर शुक्रवारची शांतता नव्हती. पिपाण्या, भेळवाले, पोरांचा कालवा. कुणी काही सांगेना.

“न्हाय भरला, बाय,” ती म्हणाली. “चाललाय तो. का चाललाय, मला न्हाय कळत. आपल्याकडं तर आता भरतोय.”

रुचिका विचार करत राहिली. ओढणीखाली तिच्या कपाळाला आठी पडली असावी.

“मग त्याला आपल्याकडे पोचायला वेळ लागत असेल,” ती म्हणाली. “आपल्याला नाही का आज लागला? कशेळीला जाम होता.”

इक्बाल खो-खो हसला. “सही बोली! कंटेनर आडवे आले असतील पाण्याला.”

पण गोदूआत्या हसली नाही. तिने मान वळवून पाण्याकडे पाहिलं, मग पुन्हा काडीकडे. इथून निघालेलं पाणी. खाडीच्या तोंडातून आत, वळणं घेत, पुलांखालून, वर कशेळीपर्यंत. इथे भरती झाली की मग ती चालत चालत आपल्या दारी येते. आपण दोन म्हणतो तेव्हा इथे ती होऊन गेलेली असते. आईने जन्मभर खाडी पाहिली, दर्या नाही. आपणही. आपण आपल्या दाराचं घड्याळ घेऊन याच्या दारात आलो. आणि बाराला हा भरून उभा होता, तेव्हा आपणच काच वर केली.

हे नीट कळलं की नाही याची तिला खात्री नव्हती. कळलं असतं तरी आता काय करायचं होतं? रात्री पुन्हा भरेल म्हणावं, तर लेकरांना घेऊन तोवर थांबता येत नव्हतं. विपुलची सकाळची ड्युटी.

“बाय,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुला बघायचा असंल तर बघ. ऊन किती लागलं तुला. मी सांभाळून घेईन तुझ्या पणजीला. दर्यालाबी सांभाळीन. पाप लागलं तर मला लागंल.”

सगळे तिच्याकडे वळले. मेघालीसुद्धा. आत्याच्या तोंडून असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. गुरुवारी पूजा झाल्याशिवाय ती घोटभर पाणी पीत नसे.

रुचिकाने विचारलं, “पण हा आता कमी झालेला आहे ना?”

“हां. कमी झालाय.”

“मग मी नाही बघत. मी बुटातपण नाही बघितला.” तिने खालचा ओठ दातात धरला. “तू परत आणशील?”

“आणीन.”

“कधी? पुढच्या पुनवेला नको. तेव्हा पप्पांची सुट्टी नसते, मग माझी नसते, मग ताप येतो.”

मेघालीने मान खाली घातली. विपुल पाण्याकडे पाहू लागला.

“उद्या,” गोदूआत्या म्हणाली.

“देवाशप्पथ?”

“देवाची शपथ घेत नसतात. आणीन म्हटलं ना.”

परतीच्या वाटेवर बोटही झाली नाही, कारण गेट वेला उभं राहायला जागा नव्हती. इमाद ओल्या चड्डीने कुबराच्या मांडीवर झोपला. आत्या बोटांची पेरं मोजत होती. आज बाराला भरलेला या डोळ्यांनी पाहिला. रोज पाणी पाऊण तासाने, कधी त्याहून जरा जास्त, पुढे सरकतं, हे तर खाडीचंही तसंच. म्हणजे उद्या एकच्या आतबाहेर. कशेळीचे दोन, ते विसरायचं. ती पुन्हा मोजायची, पुन्हा दोन यायचे, पुन्हा पुसायची. उंच रस्ता लागला तेव्हा तिने ओढणीकडे हात नेला, तर रुचिकाने आधीच डोळे मिटले होते. झोपली होती की मिटून बसली होती, ते आत्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली पुन्हा खटखटत होती. विपुल खाली लूमवर गेला होता. गोदूआत्याने मारुतीला तेल वाहिलं, शनिवारचं स्तोत्र म्हटलं आणि पिशवी पुन्हा बांधली. नारळ तोच, खण तोच. तांदूळ तेवढे नवे घेतले. बस कुठली, उतरायचं कुठे, उतरल्यावर उजवीकडे की डावीकडे, यातलं तिला धड काहीच ठाऊक नव्हतं. मुंबईला ती एकटी कधी गेली नव्हती. विपुलला विचारलं असतं तर त्याने नको म्हटलं असतं, म्हणून विचारलं नव्हतं. मेघालीला कसं सांगावं, हे रात्रभर ठरत नव्हतं.

ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. मेघाली पाठमोरी पोळ्या लाटत होती.

“मेघाली, मी जरा…”

“डबा पिशवीशेजारी आहे,” मेघाली न वळता म्हणाली. “लिंबाचं लोणचं घातलंय. आज शुक्रवार नाही. तिचा एक फ्रॉक जास्तीचा दिलाय, भिजेल ती.” पोळी तव्यावर पडली. “आणि बसमधून दर्या दिसायला लागला की डोळे तिचे तिला मिटू द्या, आत्या. ओढणी नको. तिला जमतं.”

आत्याने डबा उचलला. काही बोलायला हवं होतं, पण लूम इतक्या जोरात चालू होते, की बोललेलं पोचलं नसतं. रुचिका जिन्यात चपला घालून उभी होती. तिने वर पाहून काहीतरी विचारलं. ओठ हलले तेवढेच दिसले. काय विचारलं ते न कळताच गोदूआत्याने होकाराची मान हलवली, तिचं बोट धरलं, आणि दोघी खालच्या आवाजातून हळूहळू गल्लीच्या तोंडाकडे निघाल्या.